विश्लेषण : आधी अभ्यास, मग कायदा... ‘मॅजिक मशरूम’बाबत मेरीलँड वेगळे काय करते आहे?

नैसर्गिक सायकेडेलिक पदार्थ लोकांना सुरक्षितपणे, सरकारी देखरेखीखाली उपलब्ध करून देता येतील का, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मेरीलँड राज्याने कृती दल नेमले. ओरेगॉन आणि कोलोरॅडो या राज्यांनी आधी सार्वमत घेतले आणि नियम नंतर बनवले. मेरीलँडने क्रम उलटा केला. हा क्रम योग्यच आहे, पण त्या अभ्यासाला ज्या प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत, ते दिसतात त्यापेक्षा अवघड आहेत.

नेमके काय घडले?

२०२४ च्या मे महिन्यात मेरीलँडचे गव्हर्नर वेस मूर यांनी एका विधेयकावर सही केली. त्यातून ‘नैसर्गिक सायकेडेलिक पदार्थांच्या जबाबदार वापरासाठीचे कृती दल’ अस्तित्वात आले. त्याच्यापुढे चार पदार्थ ठेवले गेले. सायलोसायबिन आणि सायलोसिन हे ‘मॅजिक मशरूम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अळंबीतले घटक, डीएमटी हा काही वनस्पतींत आढळणारा घटक आणि मेस्कलिन हा निवडुंगांतून मिळणारा घटक. पेयोटी नावाच्या निवडुंगातले मेस्कलिन मात्र मुद्दाम वगळले.

कृती दलाच्या कामकाजाची व्यवस्था राज्याच्या गांजा प्रशासनाकडे सोपवली गेली. मेरीलँडमध्ये प्रौढांसाठी गांजा १ जुलै २०२३ पासून कायदेशीर आहे, त्यामुळे परवाने, तपासणी, विक्रीवरील नियंत्रण यांचा अनुभव असलेले तेच खाते होते. पुरावा काय सांगतो, कुणाला धोका आहे, मार्गदर्शकांचे प्रशिक्षण कसे असावे, सामान्य माणसाला हे परवडेल कसे, आणि ज्यांच्यावर पूर्वी गुन्हे दाखल झाले त्यांचे काय, हे सगळे तपासायचे होते. अहवालाची मुदत होती ३१ जुलै २०२५.

अहवाल आला. त्याने एकदम दारे उघडायला सांगितले नाही. सुरुवात सायलोसायबिनपासून करा आणि तीही टप्प्याटप्प्याने, असे सुचवले. आधी सल्लागार मंडळ, सुरक्षेचे निकष, माहिती गोळा करण्याची यंत्रणा, प्रशिक्षण, लोकशिक्षण; देखरेखीखालील सेवा त्यानंतर.

समाजमाध्यमांवर ‘आणखी एका राज्यात मशरूम कायदेशीर’ अशा ओळी फिरल्या. तसे काहीही झालेले नाही. अहवाल म्हणजे कायदा नव्हे. कायदा करायचा की नाही, हे विधिमंडळाच्या हातात आहे.

हे पदार्थ करतात काय?

सायलोसायबिन शरीरात गेल्यावर त्याचे सायलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिनच्या एका ठरावीक ग्राहीवर काम करते. परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. रंग, आवाज, काळाचे भान, ‘मी’पणाची जाणीव, सगळे बदलते. अफूजन्य पदार्थांसारखे व्यसन लागत नाही आणि अतिमात्रेने थेट मृत्यू होण्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत.

पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराची पार्श्वभूमी असलेल्यांना गंभीर त्रास होऊ शकतो. रक्तदाब वाढतो. लिथियम घेणाऱ्यांना झटके येण्याचा धोका असतो. डीएमटीचे अयाहुआस्का हे पेय तर नैराश्यावरील काही नेहमीच्या गोळ्यांसोबत जिवावर बेतू शकते. भीतीने सैरभैर झालेला माणूस रस्त्यावर आला किंवा गच्चीवर गेला, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

मेरीलँडच का?

या राज्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. बाल्टिमोरजवळच्या केटन्सव्हिल येथील स्प्रिंग ग्रोव्ह या सरकारी मनोरुग्णालयात १९५० आणि १९६० च्या दशकांत एलएसडीवर संशोधन झाले. आधी मनोरुग्णांवर, मग दारूच्या व्यसनात अडकलेल्यांवर आणि पुढे कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांवर. मृत्यूची भीती कमी करता येईल का, हा त्या डॉक्टरांचा प्रश्न होता. १९७० च्या संघीय कायद्याने हे पदार्थ सर्वांत कडक बंदीच्या पहिल्या अनुसूचीत टाकले आणि त्या दशकात हे काम थांबले.

याच राज्यात दुसरीही एक गोष्ट घडली. नोव्हेंबर १९५३ मध्ये पश्चिम मेरीलँडमधील डीप क्रीक तलावाकाठी लष्करी शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना ‘सीआयए’च्या माणसांनी त्यांच्या नकळत पेयातून एलएसडी दिले. काही दिवसांनी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. सरकारने हा प्रकार दोन दशके दडवला. १९७५ मध्ये तो उघड झाल्यावर अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना कुटुंबीयांची माफी मागावी लागली.

‘सरकार अभ्यास करत आहे’ म्हटल्यावर अमेरिकेत काही जणांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या उगाच नाहीत. आजच्या नियमांत लेखी संमती, आधीची पूर्वतयारीची भेट, नंतरचा पाठपुरावा यांवर एवढा भर का, हे या इतिहासावरून कळते.

तिसरा धागा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा. बाल्टिमोरच्या या विद्यापीठाला २००० साली निरोगी स्वयंसेवकांवर सायलोसायबिनचा अभ्यास करण्याची परवानगी मिळाली. रोलंड ग्रिफिथ्स यांच्या गटाचा २००६ चा शोधनिबंध गाजला. २०१६ मध्ये ५१ कर्करुग्णांवरील अभ्यास आला. एका मोठ्या मात्रेनंतर सहा महिन्यांनीही सुमारे ८० टक्के रुग्णांची चिंता आणि नैराश्य लक्षणीयरीत्या कमी राहिले होते. २०१९ मध्ये खासगी देणग्यांतून १.७ कोटी डॉलरचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि २०२१ मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठीच्या अभ्यासाला संघीय सरकारचे अनुदान मिळाले. अशा पदार्थाच्या उपचारात्मक वापराला सरकारी पैसा मिळण्याची गेल्या ५० वर्षांतली ती पहिली वेळ होती.

ओरेगॉनने काय शिकवले?

ओरेगॉनमधील मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेजर १०९’ मंजूर केले. २०२३ च्या उन्हाळ्यात पहिले केंद्र सुरू झाले. पद्धत अशी की वय २१ पूर्ण हवे, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आजार असण्याचीही अट नाही. आधी मार्गदर्शकाबरोबर पूर्वतयारीची भेट, मग परवानाधारक केंद्रात त्याच्या नजरेसमोर सेवन, आणि परिणाम उतरेपर्यंत घरी जायचे नाही. माल घरी न्यायला मिळत नाही. गेल्या ३० दिवसांत लिथियम घेतलेल्यांना आणि सक्रिय मनोविकृती असलेल्यांना प्रवेश नाही. अळंबीची एकच जात वापरता येते आणि प्रत्येक खेप प्रयोगशाळेतून तपासून तिच्यात किती मिलिग्रॅम सायलोसायबिन आहे हे ठरवले जाते.

सुरक्षेच्या बाजूने व्यवस्था नीट आखलेली आहे. गडबड झाली ती पैशात.

केंद्र चालवायचे तर वर्षाला १० हजार डॉलर परवाना शुल्क, पीक घेणाऱ्यालाही तेवढेच, मार्गदर्शकाला दोन हजार. शिवाय त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. हे सगळे अखेर ग्राहकाच्या बिलात येते. एका सत्राला साधारण एक ते तीन हजार डॉलर, म्हणजे रुपयांत ८५ हजार ते अडीच लाख मोजावे लागतात. संघीय कायद्यानुसार पदार्थ अजूनही बेकायदाच असल्याने विमा कंपन्या एक पैही देत नाहीत. कार्यक्रम शुल्कातून स्वतःचा खर्च भागवेल असे मतदारांना सांगितले होते. सरकारी तिजोरीतून पैसे घालावे लागले.

भूगोलही आडवा आला. कायद्याने स्थानिक भागांना नकार देण्याची मुभा ठेवली होती. २०२२ च्या निवडणुकीत बहुतांश ग्रामीण काउंटींनी आणि अनेक लहान शहरांनी ती वापरली. त्यामुळे केंद्रे प्रामुख्याने पोर्टलंड, युजीन अशा शहरांभोवती एकवटली. दूरच्या गावातल्या माजी सैनिकाला राज्याचा कायदा हक्क देतो, पण प्रवास, मुक्काम आणि सत्राचे पैसे देत नाही. त्याच्या दृष्टीने ‘उपलब्धता’ कागदावरच आहे, आणि कागदावरची उपलब्धता माणसाला ओळखीच्याच्या ओळखीच्याकडे, म्हणजे काळ्या बाजाराकडे, परत नेते. तिथे ना तपासणी, ना मात्रेचा हिशेब, ना शेजारी बसणारे कुणी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओरेगॉनने २०२० मध्येच ‘मेजर ११०’ हा दुसरा प्रस्तावही मंजूर केला होता. त्याने सर्व अमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगणे गुन्हा राहिले नाही. फेंटानिलच्या साथीत त्यावर टीका झाली आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने तो मागे घेतला. मागे घेतला गेला तो हा प्रस्ताव. मशरूमची केंद्रे सुरूच आहेत. दोन्हींची सरमिसळ करून ‘ओरेगॉनचा प्रयोग फसला’ म्हणणारे लेख सर्रास दिसतात.

‘नैसर्गिक’ या शब्दात अडचण काय?

मेरीलँडच्या कायद्याच्या नावातच ‘नैसर्गिक’ आहे आणि सगळ्यांत कच्चा दुवा तोच आहे. धोतरा आपल्याकडे उकिरड्यावर उगवतो, महादेवाला वाहिलाही जातो. त्याच्या बिया खाल्ल्या तर माणूस दगावू शकतो. निसर्गातून आले म्हणजे सौम्य, हा समज आयुर्वेदाच्या देशात तरी कुणी बाळगू नये. वत्सनाभाचे शोधन केल्याशिवाय तो औषधात घालत नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा आहे. हॉपकिन्समधील गाजलेल्या अभ्यासांत रुग्णांना अळंबी दिली नव्हती. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार केलेले, मोजून भरलेल्या कॅप्सूलमधले शुद्ध सायलोसायबिन दिले होते. अळंबीत सायलोसायबिनबरोबर इतर संयुगेही असतात, आणि एकाच जातीच्या दोन पिकांत प्रमाण बदलते. म्हणजे ज्या आकड्यांच्या जोरावर कायद्याची मागणी होते, ते आकडे एका वस्तूचे आणि कायदा दुसऱ्या वस्तूचा. ओरेगॉनने मिलिग्रॅमवर आधारित मात्रा सक्तीची करून हे अंतर बऱ्यापैकी कमी केले. मेरीलँडला त्याच्या मागे राहून चालणार नाही.

मग ‘नैसर्गिक’ शब्द आला कुठून? एक कारण राजकीय आहे. कारखान्यात बनलेल्या रसायनापेक्षा मातीतून उगवलेल्या वस्तूला मतदार सहज होकार देतात. दुसरे कारण अधिक प्रामाणिक आहे. कृत्रिम औषधाचे पेटंट कंपनीकडे जाते. अळंबीचे जात नाही. औषधनिर्मात्यांच्या हाती सगळे जाऊ नये असे वाटणारे लोक या शब्दाला धरून आहेत, आणि त्यांच्या भीतीत तथ्य आहे.

पेयोटी का वगळले?

पेयोटी हा दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत उगवणारा छोटा, बिनकाट्यांचा निवडुंग. तो वाढायला दशकभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतो आणि बेसुमार तोडणीमुळे आधीच धोक्यात आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धर्मविधींत त्याला पवित्र स्थान आहे; १९९४ च्या संघीय कायद्याने त्यांच्या या वापराला संरक्षण दिले. शहरी ग्राहक या बाजारात उतरले तर ज्यांचा तो देव आहे त्यांनाच तो मिळायचा नाही. म्हणून कोलोरॅडोप्रमाणे मेरीलँडनेही पेयोटीला हात लावलेला नाही.

अळंबीच्या बाबतीत अशी काळजी घ्यायला फार उशीर झाला. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातल्या हुआउतला गावात मारिया साबिना नावाची माझातेक उपचारक स्त्री होती. आजाऱ्यांसाठी रात्रभर चालणाऱ्या विधीत ती अळंबी देई. १९५५ मध्ये तिने अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन यांना त्यात बसू दिले. त्यांनी १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहिला आणि गावावर परदेशी तरुणांच्या झुंडी धडकल्या. पोलीस आले. गावकऱ्यांनी दोष मारियालाच दिला, तिचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. आज सत्रामागे हजारो डॉलर घेणाऱ्या या उद्योगाचा उगम त्या झोपडीत आहे, आणि त्या गावाला या उलाढालीत वाटा मिळावा अशी तरतूद ओरेगॉनच्या शुल्काच्या तक्त्यात नाही.

पुरावा किती पक्का?

आशा वाटावी इतका आहे, निश्चिंत व्हावे इतका नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेले २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमची एक मात्रा मिळालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक फरक पडला. नाममात्र एक मिलिग्रॅम मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. पण १२ आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकून राहिलेले २५ मिलिग्रॅमच्या गटात २० टक्केच होते, आणि आत्महत्येचे विचार येण्याच्या घटना सर्व गटांत नोंदल्या गेल्या. त्याच कंपनीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे पहिले निकाल जून २०२५ मध्ये आले. फरक दिसला, पण नैराश्य मोजणीच्या मापनपट्टीवर ३.६ गुणांचा. अपेक्षा त्याहून मोठ्या होत्या, त्यामुळे कंपनीचा समभाग त्या दिवशी कोसळला.

शिवाय या चाचण्यांत एक मूलभूत पेच आहे. खरी मात्रा कुणाला मिळाली हे रुग्णाला तासाभरातच कळते. खोटी गोळी मिळालेला हिरमुसतो, खरी मिळालेला आशेने भारतो. औषधाचा परिणाम किती आणि अपेक्षेचा किती, हे वेगळे करणे अवघड जाते. एमडीएमए या दुसऱ्या पदार्थाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी नाकारली, त्यामागे ही शंका होतीच. त्या चाचण्यांत एका रुग्णाशी उपचारकांनी केलेल्या गैरवर्तनाचे प्रकरणही गाजले होते. भान हरपलेला माणूस सहा तास ज्याच्या ताब्यात असतो, त्याच्यावर देखरेख कोण ठेवणार, हा प्रश्न कृती दलाच्या कामातला सगळ्यांत कळीचा आहे.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून फक्त अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना, ठरावीक आजारांसाठी परवानगी दिली. न्यू मेक्सिकोने एप्रिल २०२५ मध्ये विधिमंडळातून वैद्यकीय सायलोसायबिन कायदा केला आणि ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी निधीची तरतूद कायद्यातच घातली. मेरीलँडने ओरेगॉनकडून मात्रेचे नियम घ्यावेत आणि न्यू मेक्सिकोकडून हा निधी.

भारतात याचा संबंध काय?

१८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतात गांजा, चरस आणि भांगेच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह देशभर हजाराहून अधिक साक्षी झाल्या, सात खंडांचा अहवाल निघाला. निष्कर्ष असा की माफक वापराने फारसे नुकसान होत नाही. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर हवा. १९८५ च्या ‘एनडीपीएस’ कायद्यातही गांजाच्या व्याख्येतून बी आणि पाने वगळलेली आहेत, म्हणूनच होळीला भांग घोटली जाते.

सायलोसायबिन मात्र त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे, आणि त्यावर भारतात असा अभ्यास कुणी केलेला नाही. परिणामी प्रश्न न्यायालयात, जामिनाच्या अर्जातून सुटतो. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना म्हटले की मॅजिक मशरूम ही नैसर्गिक बुरशी आहे, ते ‘मिश्रण’ नव्हे. हे शब्दच्छल वाटेल, पण त्यावर माणसाचे आयुष्य ठरते. या कायद्यात शिक्षा वजनावर अवलंबून असते. मिश्रण मानले तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार अळंबीचे पूर्ण वजन धरले जाते. नाही तर आतल्या सायलोसायबिनचे, म्हणजे अगदी थोड्याचे. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षे. कोडाईकनालला सहलीला जाऊन तिथे कुणी पुढे केलेली पुडी खिशात टाकणाऱ्या मुलांना हा हिशेब ठाऊक नसतो.

पुढे काय?

चेंडू मेरीलँडच्या राजधानीत, ॲनापोलिसच्या विधिमंडळाकडे आहे. सल्लागार मंडळ नेमायचे तर पैसा लागेल. मार्गदर्शकांचे परवाने द्यायचे तर गैरवर्तनाच्या तक्रारी कुठे नोंदवायच्या हे आधी ठरवावे लागेल. कायदा झाला तरी संघीय बंदी उठत नाही, त्यामुळे विमा नाही आणि बँकाही हात राखून राहणार. तोवर बाल्टिमोरमधला कर्करुग्ण हॉपकिन्सच्या चाचणीत निवडला गेला, तर डॉक्टरांच्या उपस्थितीत त्याला मोजून मात्रा मिळते. निवड झाली नाही, तर तोच पदार्थ खिशात सापडल्यावर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.